नवे औषध आणि रोग्याची संमती



गेल्या काही वर्षांत वैद्यकशास्त्रात एक नवी गोष्ट आली आहे, आणि तिच्याविषयी आपल्या मंडळ्यांतून, विशेषतः तरुणांच्या वर्गांतून, प्रश्न विचारले जाऊ लागले आहेत. शरीरातील एखादे जनुक औषधाने गप्प बसवता येते, आणि ते औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कणात गुंडाळून पेशीच्या आत पोचवता येते, हे कळले की पहिला प्रश्न बहुधा असा येतो: हा उत्पन्नकर्त्याच्या कामात हात घालणे नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक आहे व त्याला उत्तर दिले पाहिजे. परंतु माझ्या मते या विषयातला मुख्य प्रश्न तो नव्हे. मुख्य प्रश्न आम्हा इंदूरकरांना निराळ्याच वाटेने आणि बराच आधी भेटलेला आहे.

प्रथम हे औषध काम कसे करते ते समजून घेऊ. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना हा भाग वर्गात सांगावा लागेल, म्हणून थोडा विस्तार करतो.

आमच्या शहरातला राजवाडा पुष्कळांनी पाहिला असेल. सात मजल्यांची ती होळकरांची वास्तू. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. असल्या वाड्यात पूर्वी कारभार कसा चाले ते मनात आणावे. मूळ कागद दफ्तरात कुलुपबंद असतात. ते कोणी बाहेर नेत नाही. ज्या खात्याला हुकूम पाहिजे त्याच्यासाठी कारकून नक्कल उतरवून देतो, आणि ती नक्कल घेऊन मुदपाकखान्यात किंवा पागेत काम होते. आपल्या पेशीतही जवळजवळ असेच आहे. जनुके म्हणजे दफ्तरातले मूळ कागद. त्यांच्या नकला आर.एन.ए. नावाच्या पदार्थात उतरतात आणि त्या नकलांबरहुकूम पेशी प्रथिने तयार करते. एखाद्या मूळ कागदात चूक असेल तर प्रत्येक नक्कल चुकीची निघते, आणि रोग होतो.

१९९८ साली अँड्र्यू फायर व क्रेग मेलो या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एका बारीक कृमीवर प्रयोग करून दाखवले की, आर.एन.ए.चा दुपदरी तुकडा पेशीत सोडला तर त्याच्याशी जुळणारी नक्कल पेशी स्वतःच शोधून फाडून टाकते. ही सोय मनुष्याने बनवलेली नाही. ती सजीवांच्या पेशीत आधीपासून होती, तिचा शोध तेवढा लागला. २००६ साली दोघांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मग औषधाची कल्पना सरळ होती. चुकीच्या नकलेशी जुळणारा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत तयार करावा आणि पेशीत पाठवावा. मूळ कागद दफ्तरात जसाच्या तसा राहतो, नकला मात्र कामावर पोचण्याआधीच फाटतात.

अडचण वाटेवर होती. नुसता तुकडा रक्तात सोडला तर रक्तातली पाचकद्रव्ये त्याचे पीठ करतात, उरलासुरला मूत्रपिंडातून गाळला जातो, आणि पेशीचा बाहेरचा पडदा त्याला आत घेत नाही. राजवाड्याच्या लोखंडी खिळ्यांच्या दाराशी ओळखपाळख नसलेला जासूद उभा राहावा तशी त्याची गत होते. म्हणून त्याला चरबीच्या कणात गुंडाळण्याची युक्ती निघाली. असा कण मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाएवढा असतो; केसाच्या जाडीत असे सातआठशे कण शेजारी शेजारी मावतील. त्यात चार प्रकारचे स्निग्ध पदार्थ असतात. त्यांतल्या एकाची करामत विशेष आहे. रक्तात तो निरुपद्रवी राहतो, पण पेशीने कण गिळल्यावर ज्या आम्लधर्मी पिशवीत तो कोंडला जातो तेथे त्याचा स्वभाव पालटतो, पिशवी फुटते आणि आतला तुकडा मोकळा होतो. कणावर वरून आणखी एक लेप दिलेला असतो, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि शरीराचे पहारेकरी त्यांना लगेच धरत नाहीत. रक्तातून फिरताना या कणाला शरीरातलेच एक प्रथिन येऊन चिकटते, आणि त्या प्रथिनाची ओळख पटून यकृताची पेशी दार उघडते.

एवढे करूनही गिळलेल्या मालापैकी शेकडा एक-दोन भागच पिशवीतून निसटून कामाला लागतो असे संशोधकांना आढळले. तेवढेच पुरते, कारण एकच तुकडा एकामागून एक अनेक नकला फाडू शकतो.

या पद्धतीचे पहिले औषध, पॅटिसिरान, अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर झाले. ते एका दुर्मिळ आनुवंशिक रोगावर आहे. त्या रोगात यकृतात तयार होणारे एक प्रथिन बिघडून मज्जातंतूंत व हृदयात साचते, आणि हातापायांची शक्ती जाता जाता मनुष्य खिळतो. चाचणीत २२५ रोगी होते. १४८ जणांना औषध आणि ७७ जणांना नुसते दिखाऊ सलाईन. औषध मिळालेल्यांचा रोग पुष्कळांच्या बाबतीत थांबला, काहींचा थोडा मागेही हटला. दुसऱ्या गटाचा वाढत गेला. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून ते द्यावे लागते. अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत सुमारे साडेचार लाख डॉलर ठेवण्यात आली. या किमतीकडे पुढे यावेच लागेल.

आता तो पहिला प्रश्न. हा उत्पन्नकर्त्याच्या कामात हस्तक्षेप आहे काय? मूळ जनुकाला येथे हात लागत नाही. औषध थांबवले की काही आठवड्यांत वा महिन्यांत नकला पूर्ववत् निघू लागतात. रोग्याच्या मुलाबाळांकडे त्यातले काही जात नाही. मधुमेही मनुष्य इन्सुलिन घेतो तेव्हा त्याने निर्मितीविरुद्ध बंड केले असे आपण म्हणत नाही. मग येथे तसे म्हणण्याचे कारण मला दिसत नाही. गर्भाच्या जनुकांतच फेरफार करून तो पुढच्या पिढ्यांत उतरवणे ही गोष्ट वेगळी आहे. २०१८ साली चीनमध्ये एका शास्त्रज्ञाने तसे केल्याचे जाहीर केले, जुळ्या मुली जन्मल्या, आणि पुढच्या वर्षी त्याला तुरुंगवास झाला. जन्माला यायच्या मुलींना कोणी विचारू शकत नव्हते, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना तर नाहीच. या दोन गोष्टींची गल्लत करून सगळ्याच नव्या औषधांविषयी मंडळीत भय पसरवणे बरे नव्हे. काही वक्ते ते करतात, आणि त्यात अभ्यास थोडा व आवाज फार असतो, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

चिनी शास्त्रज्ञाच्या गोष्टीतून निघालेला दुसरा प्रश्न मात्र सोडता येत नाही. ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला विचारले कोणी, आणि विचारले म्हणजे काय केले?

हाच प्रश्न इंदूरला भेटला. जानेवारी २००५ मध्ये आपल्या देशाचे नियम बदलले आणि परदेशात ज्या टप्प्यावर औषधाची चाचणी चालू असेल त्याच टप्प्यावर ती भारतातही करण्यास मोकळीक मिळाली. आपल्याकडे रोगी पुष्कळ, खर्च कमी, डॉक्टर इंग्रजी जाणणारे. कंपन्यांची रीघ लागली. इंदुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, आणि काही खाजगी दवाखान्यांतही, चाचण्या होऊ लागल्या. २०१० साली आरोप सुरू झाले की रोग्यांना, त्यांत लहान मुलेही होती, आपण चाचणीत आहोत हे नीट सांगितलेले नाही. प्रश्न मध्य प्रदेशच्या विधानसभेत गेला. मनोरुग्णांवरही चाचण्या झाल्याचे पुढे आले. जानेवारी २०१२ मध्ये राज्य सरकारने बारा डॉक्टरांना प्रत्येकी पाच हजार रुपये दंड केला. आपण नियम मोडलेले नाहीत असे डॉक्टरांचे म्हणणे होते. त्याच वर्षी इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. केंद्र सरकारने त्या खटल्यात दिलेली माहिती वाचून मनुष्य गंभीर होतो. २००५ ते जून २०१२ या काळातल्या नव्या औषधांच्या ४७५ चाचण्यांत २,६४४ माणसे मरण पावली, आणि त्यांपैकी ८० मृत्यू चाचणीमुळे झाले असे मानण्यात आले.

हे आकडे जपून वाचावेत. चाचण्यांतले पुष्कळ रोगी कर्करोगासारख्या दुखण्याने आधीच मरणाच्या दारात होते. २,६४४ जणांना औषधाने मारले असे कोणी म्हणू नये. पण ८० हा आकडा कोणी आणि कसा ठरवला, हे त्या माणसांच्या घरच्यांना कळले काय? न्यायालयाने २०१३ साली कडक शब्दांत सुनावले, आणि संमती घेतानाचे चित्र व आवाज नोंदवून ठेवण्याची सक्ती केली. पुढे १९ मार्च २०१९ रोजी नवे नियम आले, त्यांत नुकसानभरपाई, नैतिक समित्या वगैरे गोष्टी पक्क्या करण्यात आल्या.

इंदूरच्या त्या चाचण्या जनुक गप्प बसवण्याच्या नव्हत्या. त्या गोळ्यांच्या, इंजेक्शनांच्या, लसींच्या होत्या. तरी मी त्या येथे सांगतो, कारण साधी गोळी समजावून सांगणे जेथे झाले नाही तेथे चरबीच्या कणात गुंडाळलेला आर.एन.ए. कसा समजावून सांगणार? झाबुआकडून किंवा अलीराजपूरकडून आलेला मनुष्य घरी भिली बोलतो. डॉक्टर हिंदी बोलतात. कागद इंग्रजीतून हिंदीत आणलेला असतो, आणि ती हिंदी वाचून शिकलेल्या मनुष्याचीही दमछाक होते. अंगठा उठतो. कायद्याप्रमाणे संमती झाली.

काही लोक म्हणतात की अडाणी मनुष्याला हे समजणारच नाही, म्हणून त्याच्या वतीने डॉक्टरांनी ठरवावे. मला हे मान्य नाही. बी कसे रुजते, कोणते बी वाया जाते, कोणती औषधी मुळी बाळंतिणीला चालत नाही, हे ज्याला समजते त्याला दफ्तर आणि नकला समजतील. समजावणाऱ्याने तास-दोन तास द्यावे लागतील, एवढेच. आणि त्याहून अवघड अशी एक गोष्ट त्याला सांगावी लागेल: ‘बाबा, हे औषध तुमच्या उपयोगी पडेल की नाही हे मला ठाऊक नाही, तेच पाहण्यासाठी ते तुम्हाला देत आहोत.’ ही दोन वाक्ये बोलायला डॉक्टरांची जीभ अडखळते. रोग्याने तर धरलेलेच असते की डॉक्टर देतात ते माझ्या भल्यासाठीच. फुकट मिळते, वर तपासण्याही फुकट होतात, म्हणजे साहेबांची मेहेरबानी. त्या समजुतीला धक्का न लावता घेतलेली सही ही संमती नव्हे, मग कॅमेरा लावलेला असो वा नसो.

हा विश्वास आला कोठून, याचाही विचार करावा. या शहरात कॅनडातील प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिशन १८७७ पासून काम करू लागले. डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ च्या सुमारास व डॉ. मॅरियन ऑलिव्हर १८८६ साली येथे आल्या आणि पडद्यातल्या स्त्रियांना औषधपाणी देऊ लागल्या. सरकारी दवाखान्यांतही निष्ठेने झिजलेले डॉक्टर होऊन गेले. अशा अनेकांच्या हातून पिढ्यान् पिढ्या जमलेली ठेव म्हणजे गरिबाचा दवाखान्यावरचा विश्वास. चाचणी घेणारा त्या ठेवीतून उचल करतो, आणि ती ठेव त्याने स्वतः ठेवलेली नसते.

शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेला रोगी आपल्या परिचयाचा आहे. त्याला काय हवे हे कोणालाही दिसत होते, तरी प्रभूने त्याला आधी विचारले की तुला बरे व्हायची इच्छा आहे काय. बार्तीमय आंधळा होता हे उघड होते, तरी त्यालाही विचारले. या प्रश्नावर उपदेशक बहुधा रोग्याच्या विश्वासाविषयी बोलतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: बरे करण्याचे सामर्थ्य पूर्ण हाती असताना, आणि काहीच धोका नसताना, विचारणे झाले. आमच्या डॉक्टरांच्या हाती सामर्थ्य अपुरे आणि धोका पुरेपूर. त्यांनी तर दहा वेळा विचारले पाहिजे.

धोका खरोखर किती असतो? या जातीच्या औषधांचाच दाखला देतो. पॅटिसिरान ज्या रोगावर आहे त्याच रोगाच्या हृदयविकारावर त्याच कंपनीचे रेव्हुसिरान नावाचे दुसरे औषध होते. त्याची चाचणी ऑक्टोबर २०१६ मध्ये एकाएकी थांबवावी लागली, कारण औषध मिळालेल्या गटात १८ आणि दिखाऊ औषधाच्या गटात २ मृत्यू झाले होते. औषधाचा गट दुप्पट मोठा होता, तरीही फरक फार. यात कोणाची लबाडी नव्हती. हुशार माणसांनी चांगल्या हेतूने काम केले होते. कशाने असे झाले याचा पक्का उलगडा पुढेही झाला नाही. चाचणी म्हणजे हेच. आत जाणाऱ्याला हे माहीत असले पाहिजे.

कोणी म्हणेल की मग आपल्या देशात या चाचण्या नकोतच. २०१३ नंतर काही काळ जवळजवळ तसेच झाले, मंजुऱ्या झपाट्याने घटल्या, आणि पुष्कळांना तो विजय वाटला. तेथे मला थोडे थांबावेसे वाटते. हिमोफिलियाची गोष्ट पाहा. या रोगात रक्त गोठत नाही. मुलगा पडला की गुडघ्यात रक्त साचते, सांधे मोडतात, शाळा सुटते. रक्त गोठवणारे फॅक्टर शिरेतून द्यावे लागते, तेही पुन्हा पुन्हा. फिटुसिरान नावाचे नवे औषध निराळ्या वाटेने जाते. रक्त गोठण्याला शरीरात जो एक लगाम आहे, त्या लगामाच्या नकला ते यकृतात फाडते, म्हणजे तराजू पुन्हा समतोल होतो. हे औषध चरबीच्या कणात घालत नाहीत. त्याला एक विशिष्ट साखर जोडतात, आणि यकृताची पेशी ती साखर ओळखून औषध आत घेते, म्हणून कातडीखाली सुई दिली तरी भागते. त्याच्या एका मोठ्या चाचणीत १२० रोगी होते, आणि २०२३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पहिले नाव वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. अलोक श्रीवास्तव यांचे होते. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेपासून सुरू केलेली ती संस्था. नेहमीप्रमाणे गरजेपुरते फॅक्टर घेणाऱ्यांना वर्षाकाठी बावीसएक वेळा रक्तस्राव होत होता; नवे औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना एकदाही उपचार करण्याजोगा रक्तस्राव झाला नाही. ज्याने असा मुलगा वाढवला आहे त्याला हा फरक सांगावा लागत नाही. चाचण्या बंद करणाऱ्याने त्या आईसमोर उभे राहून कारण सांगितले पाहिजे.

आणि चाचण्या चालू ठेवणाऱ्यानेही तिला पुढचे सगळे सांगितले पाहिजे. याच औषधाच्या चाचण्यांत २०१७ साली मेंदूतल्या शिरेत रक्त गोठून एक रोगी दगावला, काम थांबले, पुढे मात्रा कमी करण्यात आली. दुसरे, तुलनेसाठी जो गट ठेवला त्याला फक्त गरजेपुरते फॅक्टर मिळत होते. श्रीमंत देशांत पुष्कळ रोग्यांना रक्तस्राव होऊच नये म्हणून नियमित फॅक्टर मिळते. तेव्हा असा तुलनेचा गट आमच्यासारख्या देशांत सहज सापडतो. आमची उणीव हीच संशोधनाची सोय होते. तिसरे म्हणजे किंमत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने हे औषध मंजूर केले आणि तेथे त्याचा वर्षाचा भाव सहा लाख डॉलरांच्या वर आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली आणि वैद्यांपायी होते नव्हते ते सारे खर्चून बसलेली बाई शुभवर्तमानात आहे. तिच्याजवळ निदान खर्चायला काही होते.

२०१९ च्या नियमांत एक चांगले कलम आहे. ज्या रोगावर दुसरा उपाय नाही आणि नवे औषध गुणकारी ठरले, तेथे डॉक्टरांनी शिफारस केली व नैतिक समितीने मानली, तर चाचणीत भाग घेतलेल्या रोग्याला ते पुढेही फुकट मिळाले पाहिजे. ठीक आहे. पण त्याच पाड्यातला, त्याच रोगाचा, चाचणीत नसलेला शेजारी? त्याच्या पाड्याने जोखीम घेतली, म्हणून औषध तयार झाले, आणि त्याला ते दुकानाच्या काचेआडून पाहायचे. मी अर्थशास्त्री नाही आणि कंपन्यांनी किती फायदा घ्यावा हे मला ठरवता येत नाही. चाचणीला परवानगी देतानाच, हे औषध या देशात कोणत्या भावाने मिळेल याचे लेखी उत्तर मागता येईल, एवढे मात्र दिसते. ते मागितले जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

आमच्या भागात हा प्रश्न लवकरच दारात येणार आहे, म्हणून इतके लिहिले. मध्य प्रदेश, विदर्भ, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेलचा रोग आदिवासी बांधवांत मोठा आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला केंद्र सरकारने २०४७ पर्यंत तो निपटण्याची मोहीम सुरू केली; सात कोटी लोकांची तपासणी ठरली. चरबीच्या कणांचा ओढा अजून मुख्यतः यकृताकडे असतो आणि हा रोग अस्थिमज्जेतला, म्हणून तेथे दुसऱ्या युक्त्या लागतात. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झालेल्या एका उपचारात रोग्याच्या मज्जापेशी बाहेर काढून, गर्भावस्थेतले निरोगी हिमोग्लोबिन दाबून ठेवणारे जनुक त्यांत मंदावतात आणि पेशी परत देतात. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी सिकलसेलवरचा स्वतःचा जनुकीय उपचार जाहीर केला, त्याला बिरसा मुंडांचे नाव दिले, आणि तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले. अतिसूक्ष्म कणांवर वाहून नेलेल्या आर.एन.ए.ची लसही पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीने केली होती. जून २०२२ मध्ये तिला आणीबाणीची मंजुरी मिळाली आणि साध्या शीतपेटीत ती टिकत असे. म्हणजे हात आपल्याकडे आहेत. स्वस्त उपचार निघण्याची आशा खरी आहे आणि तिचे मनापासून स्वागत केले पाहिजे. त्याच वेळी हेही उघड आहे की या उपचारांची पारख प्रथम भिल्ल, गोंड, पावरा माणसांच्या शरीरात होईल, इंदूर-नागपूरच्या रुग्णालयांत होईल.

अशा वेळी आपण काय करू शकतो, असे एखादा सभासद विचारील. एक ठोस जागा आहे आणि ती आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे. प्रत्येक चाचणीला नैतिक समितीची मान्यता लागते. त्या समितीत किमान सात जण असावेत, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावेत, असा नियम आहे. एक कायदा जाणणारा, एक स्त्री, एक साधा नागरिक, आणि एक जागा अशी की जिच्यासाठी समाजशास्त्रज्ञ, सेवाभावी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक चालतो. या खुर्च्या पुष्कळदा ओळखीच्या माणसाने भरल्या जातात, तो चहा घेतो, सही करतो. आपल्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, पाळक आहेत, वकील आहेत. त्यांनी जवळच्या रुग्णालयाला पत्र लिहून ही जागा मागावी. तेथे बसून विज्ञानातली प्रत्येक गोष्ट समजलीच पाहिजे असे नाही. ‘संमतीचा कागद मला मोठ्याने वाचून दाखवा, भिलीत कोण सांगणार ते सांगा, नाही म्हणणाऱ्याचे नेहमीचे औषध चालू राहील हे कोठे लिहिले आहे ते दाखवा,’ एवढे विचारता आले तरी पुष्कळ कागद परत जातील.

मुलांच्या बाबतीत नियम असा की आईबापांची संमती लागतेच, शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्याहून मोठ्याचा लेखी होकार घ्यायचा असतो. सात वर्षांचे मूल मोठ्या माणसासमोर मान कशी हलवते, आणि खरोखर कळल्यावर कशी हलवते, हे डॉक्टरांपेक्षा रविवारच्या शाळेच्या शिक्षिकेला जास्त कळते.